फळ कोणाच्या पदरात

ज्याचं कर्म त्याच्याच पदरात फळ, हे मी लहानपणी आजीकडून ऐकलं, पुढे कीर्तनात ऐकलं आणि आता निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आमच्या गीतेच्या वर्गात तमिळमधून ऐकतो. भाषा बदलली तरी हिशेब तोच. केलंस तू, भोगशील तू. या हिशेबात मला एक गळती दिसते, आणि ती दिसायला माझी नोकरी कारणीभूत आहे.

मी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत होतो. १९५५ साली सुरू झालेला हा कारखाना. शेल विभागात डब्याचा सांगाडा उभा राहतो, फर्निशिंगमध्ये त्यात बाकं, पंखे, खिडक्या, दिवे आणि संडास बसतात. मी फर्निशिंगचा. त्या काळी देशभरच्या डब्यांत संडासाची रचना एकच असे. वर भांडं, खाली आखूड नळकांडं, त्याखाली रूळ. भांड्यातून वाकून पाहिलं की खडी पळताना दिसायची. आत पाटी असे की गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये. म्हणजे स्थानकाबाहेर कुठेही चालेल. मुंबईहून निघालेल्या प्रवाशाने रेणिगुंट्याच्या अलीकडे जे केलं ते रेणिगुंट्याच्या अलीकडे राहिलं, आणि तो पुढे अरक्कोणमला हात धुऊन इडली खात बसला. त्या कर्माचं फळ गेलं खराटा आणि पत्र्याचा तुकडा घेऊन रुळांवर फिरणाऱ्या बाईच्या पदरात. अगदी पदरातच म्हणायचं, कारण नाकाला लावायला तिच्याजवळ दुसरं काही नसे.

हाताने मैला काढण्याची व्याख्या करताना २०१३ च्या कायद्याने रेल्वेचे रूळ नावानिशी घेतले. पुढे डीआरडीओच्या साहाय्याने तयार झालेल्या जिवाणूंच्या टाक्या डब्यांखाली लागल्या आणि आता रुळांवरची खडी बरीच कोरडी दिसते. गळती बुजवता येते, असा याचा अर्थ. मग इतकी वर्षं ती बुजवण्याची निकड देवभोळ्या प्रवाशांनी भरून वाहणाऱ्या या देशात कुणाला का वाटली नाही?

आमचं अण्णा नगर नीटनेटकेपणाबद्दल नावाजलेलं. हाउसिंग बोर्डाने आखलेली वस्ती, सरळ ॲव्हेन्यू, क्रमांकांचे रस्ते. १९६८ साली इथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरलं होतं, त्या वेळचा टॉवर उद्यानात अजून उभा आहे. पहाटे दारादारांत सडा पडतो, कोलम उमटतो. माझ्या बायकोची रांगोळी ठिपक्यांची, शेजारच्या मामींचा कोलम एका रेषेत वळत जाणारा; दोघींची त्यावरून गोड स्पर्धा चालते. सकाळी सहाच्या आत उंबरठे लख्ख असतात. आणि याच वस्तीतून ओट्टेरी नाला काळा, संथ वाहत बेसिन ब्रिजच्या बाजूला बकिंगहॅम कालव्याकडे जातो. दक्षिणेला कूवम नदी. अठराव्या शतकात पच्चयप्पा मुदलियार कूवमात स्नान करून मग देवदर्शनाला जात, असं इथले जुने लोक अभिमानाने सांगतात. आज त्या नदीवरच्या पुलावर बस आली की खिडकीकडेचा माणूस रुमाल काढतो.

डिसेंबर २०१५ च्या पुरात ही नदी, हे नाले आणि भुयारी गटारं एकत्र झाली आणि शहरात शिरली. तळमजल्यांच्या देवघरांत पाणी आलं. ते पाणी कुणाचं होतं हे विचारण्याची सोय राहिली नव्हती. ते ओसरल्यावर मामींनी घर गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं आणि त्याआधी, हे त्यांचं शहाणपण, ब्लीचिंग पावडरने दोनदा घासून घेतलं.

दिवाळीच्या पावसाआधी आमच्या इमारतीचं गटार तुंबलं. कंत्राटदाराकडून एक माणूस आला. चाळिशीचा, अनवाणी, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर बांबूच्या लांब कामट्यांची जुडी. झाकणाच्या भोकात त्याने लोखंडी आकडा अडकवला, झाकण ओढून बाजूला केलं आणि सरळ दूर जाऊन जांभळाखाली बसला. वॉचमनला वाटलं कामचुकार आहे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सार, आधी त्याला श्वास सोडू दे, मग मी घेतो.” झुरळं वर आली तेव्हा तो उठला. झुरळं जिवंत वर येताहेत हा त्याच्या लेखी बरा शकुन. मग एकेक कामटी दुसरीला तारेने बांधून तो ती आत सारत गेला, पोटाने रेटा देत, आणि गाळ वर आला की हाताने बाजूला करत. त्यात काय काय होतं! सॅनिटरी पॅड, केसांचे पुंजके, प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्याचा दोरा. देवाला वाहिलेली फुलं केराच्या टोपलीत टाकू नयेत म्हणून आमच्यापैकीच कुणीतरी ती संडासात सोडली होती. हातमोजे नव्हते का, तर होते. कंत्राटदाराने दिलेले, नवेकोरे, कामट्यांच्या जुडीला टांगलेले. ते घातले की कामटीचा अडथळा बोटाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

फोनवर बायकोशी तो तेलुगूत बोलला. मद्रासच्या नगरपालिकेने इंग्रजी अमदानीत तेलुगू मुलखातून ज्या दलित कुटुंबांना या कामासाठी आणलं, त्यांची पोरंनातवंडं आजही बरीचशी याच कामात आहेत. मीही परमुलखातला, माझ्याही घरात तमिळ नाही. माझा मुलगा मात्र कोच फॅक्टरीत लागला नाही. त्याने लागावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

त्या दिवशी तो आत उतरला नाही. उतरणारे उतरतात. खालचा हायड्रोजन सल्फाइड हा विलक्षण लबाड वायू. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस सावध होतो. त्याचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबतो, उतरलेल्याला वाटतं हवा सुटली. प्रमाण आणखी काही पटींनी वाढलं की दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वरचा साथीदार त्याला ओढायला उतरतो आणि तोही पडतो. म्हणून गटारातल्या मृत्यूच्या बातमीत बहुधा एक नाव नसतं, दोन-तीन असतात, त्यांत कधी बाप आणि मुलगा. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्येच चेन्नईत माणूस गटारात उतरवण्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईसह सहा महानगरांत हे काम हाताने करण्यावर पुन्हा बंदी घातली. बंदीवर बंदी घालावी लागते यातच सगळं आलं. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली, असं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे.

हे मी आमच्या गीतेच्या वर्गात काढलं. वर्ग घेणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, संस्कृत उत्तम, स्वभाव त्याहून उत्तम. आम्ही सगळे त्यांना सार म्हणतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वाईट आहे. पण प्रारब्ध म्हणून काही असतंच ना? मागचं काही देणं असेल.” समोरच्या चार माना हलल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे उत्तर आपल्या हाडीमाशी रुजलं आहे. गटारात पडलेल्याच्या मृत्यूला कारण त्याच्याच मागच्या जन्मात शोधलं की चौकशी तिथेच संपते. कंत्राटदार सुटतो, अभियंता सुटतो, आपण सुटतो.

पण मग मागच्या जन्मीचं देणं फेडणाऱ्यांची निवड जातीवार कशी होते? केंद्र सरकारने २९ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे ३८ हजार गटार कामगारांची नोंद केली, तेव्हा त्यांतले ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. इतकं नेमकं प्रारब्ध मला तरी नगरपालिकेच्या हजेरीपटासारखं दिसतं. बाबासाहेबांनी १९४५ साली, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं हे मांडणाऱ्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की या देशात माणूस काम करतो म्हणून भंगी होत नाही, जन्मतोच तसा, मग तो ते काम करो वा न करो. कर्मसिद्धांताची गंमत अशी की तो कर्मावर उभा असल्याचं सांगतो आणि इथे कर्माला विचारतच नाही.

माझी आजी सोवळ्याची. कणकवलीजवळचं आमचं घर. तिचं रेशमी सोवळं परसातल्या दांडीवर काठीने वाळत पडे आणि आम्ही पोरं त्याच्या सावलीलाही घाबरत असू. ती दिवसातून दोनदा विहिरीवर न्हाई, तिच्या पितळेच्या कळशीत तोंड दिसे. घरामागे टोपलीचा संडास होता. त्या टोपलीचं पुढे काय होतं, हे आजीने जन्मात कधी उच्चारलं नसेल. पहाटे मागच्या वाटेने कुणीतरी येई आणि जाई. त्याची वाटही वेगळी, की त्याने अंगण ओलांडू नये. आता वाटतं, आजीच्या सोवळ्याला त्या टोपलीची जोड होती म्हणून ते सोवळं होतं. टोपली उचलणारा आठ दिवस न येता तर सोवळ्याची काय तऱ्हा झाली असती?

कोकणातलंच दुसरं उदाहरण सांगतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी ते तळं शुद्ध करून घेतलं. गोमय, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी त्यात ओतून. पाण्याचा कोणताही जाणकार सांगेल की तळं घाण झालं असेल तर ते त्या दिवशी झालं. शुद्धीची आपली कल्पना रोगजंतूंकडे पाठ करून उभी राहू शकते, हे यातून दिसतं.

ती अजून तशी उभी आहे. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स या अभ्यासकांनी २०१७ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं की उत्तर भारतात सरकारी संडास मिळूनही माणसं शेतात जातात, त्यात घराजवळ खड्डा नको ही धास्ती मोठी असते. खड्डा भरला तर उपसणार कोण? म्हणजे ज्या जातीवर आपण ते काम लादलं, तिने नाही म्हणताच आपण संडासच नाकारतो. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की दुसरा सुरू करायचा. वर्षभरात बंद खड्ड्यातल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत उपसलं. एका सचिवाने खत काढलं याची देशभर बातमी होते, यावरून रोग किती खोल आहे ते कळावं. जगात २०२२ साली साडेतीनशे कोटी माणसांकडे धड मैला-व्यवस्था नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अशुद्ध पाणी, संडासांचा अभाव आणि अस्वच्छता यांमुळे २०१९ मध्ये चौदा लाख माणसं मेली, त्यांत पाच वर्षांखालची पोरं सुमारे चार लाख. चार लाख पोरांची मागच्या जन्मीची देणी!

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शुचित्व म्हणजे काय ते सांगताना माउलींनी कापराचा दाखला दिला आहे. अंग आणि मन दोन्ही कापरासारखं. मला तो दाखला फार आवडतो, पण निवृत्तीच्या वयात त्यात एक अडचण दिसू लागली. कापूर जळाला की मागे काही उरत नाही. देहाचं तसं नाही, मागे रोज उरतंच. संत सोयराबाईने हे कधीच ओळखलं होतं. विटाळ देहाचाच असेल तर सोवळा देह दाखवा कुठला, असा तिचा सवाल आहे. तेव्हा शुद्ध कोण हा प्रश्न सोडून, मागे उरलेल्याचं काय करता हा प्रश्न धरायला हवा, असं मला वाटतं.

सारांना मी त्यांच्याच शास्त्रातलं उत्तर दिलं. मनुस्मृती म्हटलं की माझ्यासारख्या कोकण्याला महाडच आठवतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे ती जाळली आणि बरं केलं. पण पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. मांसासाठी प्राणी मारला तर पाप कोणाकोणाला? अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, हे आठही जण घातकी. ज्याच्या हातात सुरी त्याच्यावर ढकलून मोकळं व्हायची सोय त्यात नाही. फळ वाटलं जातं, आणि एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. हे तत्त्व शास्त्राला जनावराच्या बाबतीत सुचलं आणि माणसाच्या बाबतीत सुचलं नाही. आपण सुचवून घेऊ. गटारात माणूस मेला तर आठ कोण? झाकण उघडणारा मुकादम. त्याला पाठवणारा कंत्राटदार. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणारा अधिकारी. जेटिंगचं यंत्र नादुरुस्त ठेवणारा. “आजच्या आज करून द्या” म्हणून फोन करणारा आमच्यातला चिटणीस. बिलातले शंभर रुपये घासाघीस करून कमी करणारा खजिनदार. निर्माल्य भांड्यात टाकणारी व्यक्ती. आणि शेवटी साखळी ओढणारा, म्हणजे मी.

सार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गांधीजींची आठवण काढली, की त्यांनी हे काम सेवा म्हणून स्वतः केलं. आमच्या कणकवलीच्या अप्पा पटवर्धनांनीही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. ब्राह्मण म्हणून नाकारलं, तर उपास धरला. येरवड्यातून गांधीजींनीही त्यासाठी अन्न सोडलं तेव्हा सरकार हललं. पुढे गोपुरी आश्रमात त्यांनी सोनखताचे संडास उभे केले, मेलेली जनावरं सोलली. आमच्या घरी त्यांचं नाव निघालं की आजी उठून आत जाई. मी अप्पांना फार मानतो. तरीही त्यांनी केलेल्या कामाचा गौरव करता करता ते काम करणाऱ्याला तिथेच ठेवण्याची सोय झाली, ही बाबासाहेबांची टीका मला खोडता येत नाही. अप्पांना ते काम मागावं लागलं. कामट्या घेऊन आलेल्या त्या माणसाला ते न मागता मिळालं होतं, आणि नको म्हणायची मुभा नव्हती.

मंगळवेढ्याची भिंत कोसळली त्यात वेठीचे मजूर गाडले गेले, चोखोबा त्यांच्यात होते, आणि हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्यावरून नामदेवांनी त्यांची हाडं ओळखली, असं परंपरा सांगते. भक्तीची ही कथा मला वेगळ्याच कारणाने चटका लावते. बाकीच्यांची हाडं कुणाची होती? नोंद नव्हती. आजही गटारात माणूस मेला की पहिला वाद असतो तो आमच्या हजेरीवर होता की नव्हता याचा. हजेरीवर नसेल तर तीस लाख देणार कोण!

आमच्या पश्चिमेला कोयंबेडूला मैलापाण्याचं शुद्धीकरण केंद्र आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले, आम्ही टँकरपाशी कळशा घेऊन उभे होतो, त्याच वर्षी तिथे गटाराचं पाणी आरओपर्यंत नेणारा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला साडेचार कोटी लिटर, ते नळाने श्रीपेरुंबुदूरकडच्या कारखान्यांना जातं. सारांना मी विचारलं, हे पाणी अभिषेकाला चालेल का? ते हसले. “चालायला हवं,” म्हणाले, “पण मामींना सांगू नका.” आफ्रिकेत विंडहुक शहर १९६८ पासून असं पाणी शुद्ध करून पितंय. पाण्याचा विटाळ पडद्यातून गाळून जातो, हे आता कुणी नाकारत नाही. कामट्यावाल्याला वॉचमनने पाणी दिलं ते मात्र नळीने, वरून, ओंजळीत.

पुढच्या रविवारी सारांनी आपण होऊन विषय काढला. त्यांची अडचण खरीखुरी शास्त्र्याची होती. मांसाच्या पापातून सुटायला मनूने वाट ठेवली आहे, खाऊ नये. आठातला शेवटचा माणूस हात आखडता घेऊ शकतो, मग बाकी सातांचा धंदाच बसतो. इथे शेवटच्याने काय करायचं? संडासाला जाऊ नये असं कोणतं शास्त्र सांगणार? मला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. चहा होईपर्यंत वर्गातले आम्ही सगळे त्यावरच बोलत होतो. मला वाटतं ते असं, की शेवटच्याला सुटका नाही म्हणूनच बाकी सात जागांवर त्याने लक्ष ठेवायचं, आणि त्या सातांतल्या दोन-तीन तरी आमच्या इमारतीच्या आहेत.

आमच्या असोसिएशनची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. करारात तीन ओळी घालाव्यात असा मी अर्ज दिला आहे: काम यंत्रानेच होईल, माणूस कोणत्याही कारणाने आत उतरणार नाही, आणि कामावर येणाऱ्याचं नाव कंत्राटदार आधी लिहून देईल. सारांनी अनुमोदक म्हणून सही केली. खजिनदारांनी अर्ज वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं की यंत्राचा दर दुपटीहून जास्त आहे, तो फ्लॅटवार वाटायचा की घरातल्या माणसांवार.